टेबलात मुंबई, डेटा सिंगापूरमार्गे: राउटिंग टेबल आणि खरा रस्ता जुळत नाही तेव्हा काय तपासायचं

सिंधुदुर्गात एका छोट्या इंटरनेट सेवेचं नेटवर्क मी सांभाळतो. आमच्याकडे दोन अपस्ट्रीम (पुढचं इंटरनेट पुरवणाऱ्या मोठ्या कंपन्या) आहेत. एक महामार्गाच्या कडेने मुंबईहून खाली येतो, दुसरा घाट उतरून कोल्हापूरकडून. या दोन लिंकवर एकच बिघाड मी इतक्या वेळा काढलाय की नवीन पोराला शिकवताना तोच क्रम तोंडातून येतो. तो क्रम इथे लिहून ठेवतोय.

बिघाड असा. राउटरवर बघावं तर राउटिंग टेबल, म्हणजे कुठल्या पत्त्याकडे कुठल्या लिंकने पाठवायचं याची यादी, बरोबर. जायचंय मुंबईला, टेबल सांगतं मुंबई. बीजीपी सेशन (ज्यातून नेटवर्कं एकमेकांना मार्ग सांगतात ती जोडणी) चालू, लिंक भरलेली नाही, अलार्म कुठेच नाही. आणि ग्राहकाचा फोन येतो, "नेट चालू आसा रे, पण मीटिंगात आवाज तुटता."

दोन्ही खरं असतं. टेबल म्हणजे एसटीच्या कपाळावरची पाटी. कणकवलीहून कोल्हापूरला जाणाऱ्या गाडीवर 'मार्गे गगनबावडा' लिहिलेलं असतं. करूळ घाटात दरड आली की गाडी भुईबावड्याच्या घाटाने चढते. पाटी बदलायची गरज पडत नाही, कारण भुईबावड्यानेही गगनबावडाच लागतं. पाटी खोटी नाही, पण गाडी कुठल्या वळणांवरून गेली ते तिच्यावरून कळत नाही. बीजीपीचा एएस पाथ, म्हणजे वाटेतल्या नेटवर्कांच्या क्रमांकांची (एएस क्रमांकांची) यादी, तसाच आहे. 'इथे जायचं तर या या नेटवर्कमधून जाता येईल' असं शेजाऱ्याने आपल्याला सांगितलेलं असतं, तेवढंच त्यात आहे. पुढचा प्रत्येक राउटर पॅकेट (डेटाचा तुकडा) स्वतःच्या टेबलाप्रमाणे वळवतो. आणि परतीचा रस्ता तर आपल्या टेबलात नसतोच, तो समोरच्याच्या टेबलात असतो.

लक्षणं

खालच्यापैकी दोन-तीन एकत्र दिसली तर हा लेख तुमच्या कामाचा आहे.

- पिंग (पॅकेट जाऊन यायला लागणारा वेळ) एका दिवसात १२ मिलिसेकंदांवरून ७०वर गेला आणि तिथेच राहिला. वरखाली होत नाही, फक्त वाढलेला आहे.
- एक गेम, एक मीटिंगचं ॲप किंवा एकच बँकेची साइट हळू. बाकी सगळं नीट, आणि जवळच्या सर्व्हरवर स्पीड टेस्ट पूर्ण येते.
- एकाच वाडीत शेजारी शेजारी दोन घरं, दोघांचा प्लॅन तोच, एकाला त्रास आहे आणि दुसऱ्याला नाही.
- ट्रेसरूटमध्ये (वाटेतले राउटर दाखवणाऱ्या चाचणीत) सगळी नावं मुंबईची, पण आकडे मुंबईचे नाहीत.
- एक लिंक बंद केली की सगळं सुधारतं, दोन्ही चालू ठेवल्या की पुन्हा त्रास.
- साइटचं पहिलं पान उघडतं आणि पुढे अडकतं.

ओएनटीवर (घरातल्या फायबरच्या डब्यावर) लाल दिवा असेल किंवा सगळंच बंद असेल तर हा तो बिघाड नाही. तिथे पॉवर मीटर घेऊन फायबरकडे जा. पावसात दहापैकी आठ तक्रारी त्याच असतात, आणि त्या आधी बाजूला काढायला हव्यात.

१. घरातला भाग वेगळा करा (खर्च शून्य, वेळ पाच मिनिटं)

लॅपटॉप केबलने थेट ओएनटीला लावा, वायफाय बंद करा, आणि गेटवेला (आपल्या नेटवर्कच्या पहिल्या राउटरला) शंभर पिंग मारा. गेटवेलाच आकडे हलत असतील तर पुढे बघण्यात अर्थ नाही. कोकणातली जुनी घरं चिऱ्याची, भिंती जाड. माजघरात ठेवलेल्या राउटरचा सिग्नल पडवीत पोचेपर्यंत अर्धा होतो, आणि नेमका पडवीत बसूनच माणूस मीटिंग करत असतो.

ग्राहकाकडून याच वेळी तीन गोष्टी लिहून घ्या: कुठली साइट किंवा ॲप, नेमकी वेळ, आणि त्याला मिळालेला आयपी (इंटरनेटवरचा आकडी पत्ता). 'संध्याकाळपासून स्लो' एवढ्यावर पुढचं काहीच करता येत नाही. शेजारच्या घराचाही आयपी घ्या. का, ते सातव्या पायरीत कळेल.

२. जायचं ठिकाण तेच आहे का? (खर्च शून्य)

रस्ता बदलला असं आपण म्हणतो, पण पुष्कळदा ठिकाणच बदललेलं असतं. मोठ्या कंपन्यांचे सर्व्हर मुंबईत आहेत, चेन्नईत आहेत, सिंगापुरातही आहेत. कुठला द्यायचा हे बहुतेक वेळा डीएनएस (साइटच्या नावावरून आकडी पत्ता सांगणारी सेवा) ठरवतं, आणि ते ठरवताना तुमचा डीएनएस सर्व्हर कुठे आहे हे बघितलं जातं. गूगलचा ८.८.८.८ ग्राहकाच्या पत्त्याचा काही भाग पुढे कळवतो, क्लाउडफ्लेअरचा १.१.१.१ कळवत नाही. त्यामुळे एकाच घरातून दोन डीएनएस वापरले तर दोन वेगळ्या शहरांचे पत्ते मिळू शकतात.

म्हणून त्याच नावाचा पत्ता तीन ठिकाणी विचारा: तुमच्या स्वतःच्या डीएनएसला आणि या दोघांना. आलेल्या प्रत्येक पत्त्याला पिंग करा. एक १२ आणि दुसरा ६५ देत असेल तर राउटिंगला हात लावू नका, डीएनएस सुधारा. इथून पुढच्या सगळ्या चाचण्या नावावर करू नका, आकडी पत्त्यावर करा. नाहीतर दर वेळी वेगळ्या ठिकाणाची तुलना होत राहील.

३. ट्रेसरूट, पण वाचता येईल असा

ट्रेसरूट १९८७ साली व्हॅन जेकबसन यांनी लिहिला. युक्ती साधी आहे. प्रत्येक पॅकेटवर टीटीएल नावाचा आकडा असतो आणि प्रत्येक राउटर तो एकाने कमी करतो. शून्य झाला की राउटर पॅकेट टाकून देतो आणि पाठवणाऱ्याला तसं कळवतो. पहिलं पॅकेट १ घालून पाठवायचं, मग २, मग ३. जो जो उलट कळवेल तो त्या टप्प्यावरचा राउटर. म्हणजे हा रस्त्याचा नकाशा नव्हे, वाटेतल्या राउटरांनी दिलेल्या हाका आहेत. हे ध्यानात ठेवलं की खालच्या चुका होत नाहीत.

मधल्या हॉपवरचा (टप्प्यावरचा) लॉस, म्हणजे हरवलेली पॅकेट. एमटीआर (सतत ट्रेसरूट करत राहणारं साधन) लावून शंभर पॅकेट पाठवा. पाचव्या हॉपवर ४० टक्के लॉस आणि शेवटच्या हॉपवर शून्य, असं असेल तर तो लॉस नाही. त्या राउटरला उलट हाक देण्यापेक्षा पॅकेट पुढे ढकलणं महत्त्वाचं, म्हणून तो ठरावीक संख्येपेक्षा जास्त उत्तरं देत नाही. लॉस एका हॉपपासून सुरू होऊन शेवटपर्यंत टिकला तरच खरा. अपस्ट्रीमला पाठवलेल्या तक्रारींत ही चूक सगळ्यात जास्त असते, आणि ती दिसली की पलीकडचा माणूस बाकीचं वाचत नाही.

न जुळणाऱ्या हॉपांची सरमिसळ. मोठ्या नेटवर्कमध्ये दोन शहरांमध्ये एकाऐवजी चार-आठ समांतर लिंक असतात. कुठलं पॅकेट कुठल्या लिंकवर जाईल हे त्याच्या पत्त्यांवरून आणि पोर्टवरून (पत्त्यासोबतच्या सेवेच्या क्रमांकावरून) ठरतं. साधा ट्रेसरूट दर वेळी पोर्ट बदलतो. मग दुसरा हॉप एका लिंकवरचा, तिसरा दुसऱ्या लिंकवरचा, आणि छापून येतो तो रस्ता कधी अस्तित्वातच नसतो. पोर्ट कायम ठेवणारा पॅरिस ट्रेसरूट २००६ साली याच कारणासाठी आला. तो नसेल तर टीसीपीवर, ४४३ पोर्टने करा. ग्राहकाची साइट त्याच पोर्टवर चालते, त्यामुळे फायरवॉलही कमी अडवतात. लिनक्सचा ट्रेसरूट मुळात यूडीपी वापरतो आणि विंडोजचा आयसीएमपी (या पॅकेट पाठवायच्या वेगळ्या पद्धती), म्हणून दोघांचे निकाल वेगळे आले तर लगेच बिघाड समजू नका.

गायब हॉप. एमपीएलएस (पत्त्याऐवजी लेबल बघून पॅकेट नेण्याची पद्धत) वापरणारी नेटवर्कं मधले राउटर लपवू शकतात. मग एका हॉपवर मुंबई, पुढच्यावर थेट चेन्नई, मध्ये काही नाही. उत्तर न आल्याच्या ताऱ्यांच्या (*) ओळी दिसल्या आणि शेवट नीट पोचला तर तेही ठीकच.

हॉपचा मालक. हॉपचा आयपी ज्या कंपनीच्या नावावर आहे, राउटर त्याच कंपनीचा असेल असं नाही. दोन नेटवर्कमधल्या जोडणीवर पत्ते कुणीतरी एकच देतो. त्यामुळे आपल्याच राउटरच्या अपस्ट्रीमकडच्या टोकाला अपस्ट्रीमचा पत्ता असतो. 'अपस्ट्रीममध्ये शिरल्यावर पिंग वाढतो' असं आमच्या पोराने एकदा ठामपणे सांगितलं होतं. तो हॉप आमच्याच रॅकमधला होता. उलट दिशेने बघितलं की हे सीमेवरचे हॉप कुणाचे ते नीट लागतं. राउटरच्या नावातली शहरांची अक्षरं, मुंबईसाठी 'एमयूएम' किंवा 'बीओएम', चेन्नईसाठी 'एमएए', सिंगापूरसाठी 'एसआयएन', मदत करतात. पण राउटर हलवला तरी नाव जुनंच राहतं हेही होतं. नावावर विश्वास ठेवायचा की आकड्यावर अशी वेळ आली तर आकड्यावर ठेवा.

४. आकड्याचं अंतर करा

मला सगळ्यात उपयोगी पडलेली तपासणी हीच, आणि तिला कागद-पेन पुरतं.

फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. जाऊन येऊन धरलं तर दर १०० किलोमीटरला १ मिलिसेकंद. कुडाळ ते मुंबई महामार्गाने साडेचारशे किलोमीटरच्या पुढे. फायबर कधी सरळ जात नाही, म्हणून ६०० धरा. म्हणजे ६ मिलिसेकंदांच्या खाली येणं शक्यच नाही, आणि उपकरणं धरून १० ते १२ आले तर सगळं उत्तम. मुंबई ते चेन्नई रस्त्याने साधारण १३०० किलोमीटर, तिथे वीसेक मिलिसेकंद लागतात. मुंबई ते सिंगापूर समुद्राखालून साठच्या आसपास.

आता ग्राहकाचा आकडा घ्या. मुंबईच्या सर्व्हरला ७२. आपले नेहमीचे १२ वजा केले, उरले ६०. हे ६० कुठल्या तरी अंतराचे आहेत, आणि ते अंतर महाराष्ट्रात मावत नाही.

इथे नीट बघा. ट्रेसरूटमध्ये चौथा हॉप मुंबई, ११ मिलिसेकंद. पाचवा मुंबई, ११. सहावा मुंबई, ७१. शेवटचा मुंबई, ७२. पाचव्या आणि सहाव्या हॉपमध्ये कदाचित एकाच इमारतीतली दहा मीटर केबल असेल. तिथे ६० मिलिसेकंद घालवता येत नाहीत. मग वेळ जातो कुठे? परतीत. आकडा जाऊन येण्याचा असतो, पण छापलेली नावं फक्त जाण्याची असतात. सहावा हॉप दुसऱ्या कंपनीचा आहे आणि त्याची परतीची वाट वेगळी आहे. अशी उडी मालक बदलतो नेमकी तिथेच दिसली आणि शेवटपर्यंत टिकली, तर जाण्याचा रस्ता खुशाल सोडा आणि सातव्या पायरीकडे जा.

आकडा हळूहळू, संध्याकाळी ८ ते ११ याच वेळात वाढत असेल आणि पहाटे उतरत असेल, तर मात्र ते अंतर नाही, गर्दी आहे. गणपतीच्या दिवसांत चाकरमानी गावी आले की आमच्याकडे हे हमखास होतं. घरटी दोन फोन असतात तिथे बारा होतात. त्यावर उपाय क्षमता वाढवणं हाच आहे, आणि तो भाद्रपदाच्या आधी करायचा असतो.

५. आपल्याच राउटरचं टेबल नीट बघा

'टेबल बरोबर आहे' असं म्हणताना कुठलं टेबल बघितलं? बीजीपीने ऐकलेले सगळे मार्ग ही एक गोष्ट. त्यातून निवडलेला आणि प्रत्यक्ष वापरात असलेला मार्ग ही दुसरी. हार्डवेअरमध्ये उतरलेला मार्ग ही तिसरी. ज्या पत्त्याचा त्रास आहे त्या एकाच पत्त्यासाठी तिन्ही विचारा.

पहिल्या आणि दुसऱ्यात फरक पडण्याचं नेहमीचं कारण म्हणजे विसरलेला स्टॅटिक राऊट (हाताने टाकलेला मार्ग). २०२१च्या जुलैत चिपळूण पुराखाली गेलं तेव्हा मुंबईकडची वाट बंद झाली होती. रात्री दोन वाजता काही महत्त्वाचे पत्ते मी हाताने कोल्हापूरकडे वळवले. लोकांना संपर्क हवा होता, ते बरोबरच होतं. पाणी उतरलं, लिंक परत आली, स्टॅटिक राऊट तसेच राहिले. राउटरच्या पसंतीच्या आकड्याला 'अंतर' म्हणतात आणि कमी तो जिंकतो; स्टॅटिकला अंतर १, बीजीपीला २०, म्हणून स्टॅटिक कायम जिंकतो. दिवाळीत एकाने तक्रार केली तेव्हा ते सापडले. तेव्हापासून तात्पुरता राऊट टाकला की त्याच्या टिपणीत तारीख आणि काढायचा दिवस लिहितो.

दुसरं कारण म्हणजे मायक्रोटिक राउटरमधले मँगलचे (पॅकेटवर खूण लावायचे) नियम. लोड वाटण्यासाठी कुणीतरी राउटिंग मार्क लावलेला असतो. मार्क लागलेलं पॅकेट मुख्य टेबल बघतच नाही, आणि आपण तासभर मुख्य टेबलच वाचत बसतो. राउटरवरून केलेला ट्रेस आणि ग्राहकाच्या आयपीवरून केलेला ट्रेस वेगळा येण्याचं कारण बहुतेक हेच. म्हणून राउटरवरून ट्रेस करताना सोर्स (पाठवणाऱ्याचा) पत्ता ग्राहकाच्या ब्लॉकमधला (पत्त्यांच्या गटातला) द्या.

तिसरं, हार्डवेअरची मर्यादा. १२ ऑगस्ट २०१४ ला जगाचं आयपीव्ही४ टेबल ५ लाख १२ हजार मार्गांच्या पुढे गेलं आणि तेवढीच जागा असलेले जुने राउटर जगभर अडखळले. आज तेच टेबल दहा लाखांच्या आसपास आहे. जुनं उपकरण स्वस्तात घेऊन त्यावर पूर्ण टेबल ओतलं असेल तर सॉफ्टवेअर एक मार्ग दाखवेल आणि पॅकेट दुसऱ्याने जाईल. दोनच अपस्ट्रीम असतील तर पूर्ण टेबल घ्यायची गरज सहसा नसते. डिफॉल्ट (बाकी सगळ्यासाठीचा एकच मार्ग) आणि जवळच्या नेटवर्कांचे मार्ग पुरतात.

६. अर्धवट उघडणारी साइट

हे पटकन सांगतो. पहिलं पान येतं आणि पुढे अडकतं, त्याचा संशय एमटीयूवर (लिंकवरून जाऊ शकणाऱ्या पॅकेटच्या कमाल आकारावर) घ्या. पीपीपीओई (लॉगिन करून जोडायची पद्धत) असेल तर १४९२. तुकडे न करण्याची अट घालून १४६४ बाइटचा पिंग करा, कारण २८ बाइट हेडरचे. तो जात नसेल आणि १४०० जात असेल, तर वाटेत कुठेतरी टनेल (पॅकेट दुसऱ्या पॅकेटात घालून नेणारी वाट) आहे जो टेबलात दिसत नाही. टीसीपीचा एमएसएस (एका पॅकेटात मावणाऱ्या डेटाची मर्यादा) कमी करून ग्राहकाचं काम चालू करून द्या, मग टनेल कुणाचा ते शोधा.

७. परतीचा रस्ता

इथवर सगळं फुकटात आणि आपल्या खोलीत बसून झालं. आता दुसऱ्याच्या डोळ्यांनी बघायचं. माझ्या अनुभवात निम्म्याहून जास्त वेळा बिघाड इथेच निघालाय.

मोठ्या नेटवर्कांची आणि इंटरनेट एक्स्चेंजांची लुकिंग ग्लास पानं असतात. तिथून आपल्या पत्त्याकडे ट्रेस करता येतो. राइप ॲटलासचं छोटं यंत्र लोकांनी जगभर घरोघरी लावलंय, त्यातून मुंबईतल्या, चेन्नईतल्या यंत्राला आपल्याकडे ट्रेस करायला सांगता येतं. ओरेगन विद्यापीठाचा राउटव्ह्यूज आणि राइपचा आरआयएस हे दोन साठे वेगवेगळ्या नेटवर्कांना दिसणारं बीजीपी टेबल जपून ठेवतात. आपला ब्लॉक जगाला कसा दिसतो ते तिथे बघा.

शेजारच्या दोन घरांचे आयपी घेऊन ठेवले होते ना? दोन्हींकडे उलटा ट्रेस करा.

आमचं प्रकरण असं होतं. आमचा /२२ ब्लॉक, म्हणजे १०२४ पत्ते. दोन्ही अपस्ट्रीमना तो अख्खा अनाउन्स केलेला (हे पत्ते आमच्याकडे आहेत असं जाहीर केलेला). कोल्हापूरची लिंक रिकामी राहते म्हणून त्यातल्या चारपैकी दोन /२४ तुकडे (प्रत्येकी २५६ पत्ते) फक्त कोल्हापूरकडून वेगळे अनाउन्स केले. लोड छान वाटला गेला आणि आम्ही खूश झालो. आठवड्याने तक्रारी सुरू, आणि त्याही अर्ध्याच ग्राहकांच्या. एका भिंतीला लागून असलेली दोन घरं, एक त्या दोन तुकड्यांतलं आणि दुसरं उरलेल्यांतलं.

काय झालं होतं? मुंबईतल्या एका मोठ्या कंटेंट नेटवर्कचं आमच्या मुंबईच्या अपस्ट्रीमशी मुंबईतच पीअरिंग (थेट जोडणी) आहे. तिथे त्याला आमचा /२२ दिसत होता. कोल्हापूरच्या अपस्ट्रीमशी त्याची भारतात जोडणीच नव्हती, कोल्हापूरवाल्याचे मार्ग त्याला सिंगापुरात तिसऱ्या कंपनीकडून मिळत होते. आमचे /२४ त्याला फक्त तिथे दिसले. राउटरचा पहिला नियम: जास्त नेमका पत्ता जिंकतो. रस्ता जवळचा की लांबचा, स्वस्त की महाग, हे त्यानंतर. म्हणून मुंबईतल्या सर्व्हरचं उत्तर मुंबईतच असलेली जोडणी सोडून सिंगापूरला जाऊन कोल्हापूरमार्गे कुडाळला येत होतं. आमच्या टेबलात यातलं काहीच दिसत नव्हतं, कारण आमचं टेबल जाण्याचं. आणि आम्हाला दिसणारे ६० मिलिसेकंद अगदी बरोबर सिंगापूरचे होते.

याच नियमाने २४ फेब्रुवारी २००८ ला यूट्यूब जगभर बंद पडलं होतं. यूट्यूबचा /२२ होता, आणि पाकिस्तान टेलिकॉमने देशात साइट अडवण्यासाठी त्यातला एक /२४ अनाउन्स केला, तो बाहेर सुटला. अर्धं जग तिकडे वळलं. आमचं प्रकरण छोटं, पण यंत्रणा तीच.

उपाय: तेच /२४ दोन्ही अपस्ट्रीमना द्या, आणि ज्या बाजूने कमी हवा तिथे आपला एएस क्रमांक दोन-तीनदा पुढे जोडा. नेमकेपणा सारखा झाला की मग जवळचा रस्ता निवडला जातो. लोडची वाटणी आधीसारखी हुकमी राहत नाही, हे मान्य करावं लागतं. अपस्ट्रीम बीजीपी कम्युनिटी (मार्गासोबत पाठवायचे सूचनेचे संकेत) देत असेल तर त्याहून बारीक ताबा मिळतो. त्यांच्याकडून यादी मागून घ्या.

आणखी एक गोष्ट याच ठिकाणी बघा, आरपीकेआय, म्हणजे कुठला ब्लॉक कोण अनाउन्स करू शकतो हे तपासायची यंत्रणा. तुमच्या आरओएमध्ये (त्या यंत्रणेतल्या तुमच्या नोंदीत) फक्त /२२ लिहिलेला असेल आणि तुम्ही /२४ अनाउन्स करायला लागलात, तर तपासणी करणारी नेटवर्कं ते /२४ अवैध म्हणून टाकून देतात आणि न करणारी घेतात. मग एका कंपनीकडून रस्ता बरोबर, दुसरीकडून चुकीचा, आणि डोकं भंजाळतं. आधी आरओए, मग अनाउन्समेंट. आरओए जेवढं खरंच अनाउन्स करता तेवढ्याचाच करा. 'पुढे लागेल' म्हणून मोकळी सूट ठेवली तर उद्या दुसरा कुणी तुमच्या नावाने छोटा तुकडा अनाउन्स करू शकतो.

एक लिंक बंद केल्यावर सगळं सुधारतं ते लक्षण आठवा. काही अपस्ट्रीम सोर्स पत्ता तपासतात: या पत्त्याकडे जायचा माझा सर्वांत चांगला रस्ता याच लिंकवरून आहे का? नसेल तर पॅकेट टाकून देतात. आपण एकीकडून अनाउन्स करतो आणि दुसरीकडून पाठवतो, तेव्हा हे घडतं. त्यांना सांगून तपासणी सैल करून घ्यावी लागते, आपल्याकडून होत नाही.

८. हॉप तेच, टेबल तेच, पण ३-४ मिलिसेकंद वाढले

हे कोकणात पावसाळ्यात दर वर्षी होतं. राउटिंगमध्ये काहीच बदललेलं नसतं. एकही हॉप बदललेला नसतो. अपस्ट्रीमचा पहिला हॉप जो ९ द्यायचा तो १३ देतो आणि तिथेच राहतो.

हे राउटरच्या खालच्या थरात झालेलं असतं. अपस्ट्रीमची फायबर रिंग असते. महामार्गाच्या कामात जेसीबीने केबल तोडली किंवा घाटात दरडीबरोबर ती गेली, की त्यांची उपकरणं आपोआप रिंगच्या दुसऱ्या बाजूने, गोवा-बेळगावच्या अंगाने प्रकाश फिरवतात (हा प्रोटेक्शन पाथ). चार मिलिसेकंद म्हणजे सुमारे ४०० किलोमीटरचा वळसा. ट्रेसरूटला हे कधीच दिसणार नाही, कारण मध्ये एकही राउटर नाही. ग्राहकालाही जाणवत नाही.

मग बघायचं कशाला? कारण आता रिंगची एकच बाजू शिल्लक आहे. ती तुटली की सगळं बंद. आणि दुसरं, मी मुंबई आणि कोल्हापूर या दोन वेगळ्या वाटा म्हणून दोघांना पैसे देतो. वळसा घेतलेली पहिली आणि मूळची दुसरी एकाच घाटातून, एकाच चरातून येत असतील, तर त्या दिवशी माझ्याकडे दोन लिंक नाहीत, एकच आहे. टेबलात दोन दिसतील. म्हणून दोन्ही पहिल्या हॉपांचा पिंग दर मिनिटाला नोंदवा आणि आलेख ठेवा. त्याला जुना संगणकही पुरतो. सरळ रेषेत अचानक पायरी दिसली की अपस्ट्रीमला फोन करून एकच प्रश्न विचारा: "तुमचा प्रोटेक्शन पाथ सध्या कुठून चालू आहे?"

इथे थांबा आणि माणूस बोलवा

तुमचा ब्लॉक दुसऱ्याच कुणाच्या एएस क्रमांकावरून अनाउन्स होताना दिसला तर एक मिनिटही प्रयोग करू नका. दोन्ही अपस्ट्रीमच्या नॉकला (नेटवर्कवर नजर ठेवणाऱ्या कक्षाला) फोन करा, मेल नंतर. काय दिसतंय त्याचा स्क्रीनशॉट आणि वेळ ठेवा.

बीजीपीचे फिल्टर तुम्ही स्वतः लिहिलेले नसतील तर त्यांना हात लावू नका. एका अपस्ट्रीमचे मार्ग चुकून दुसऱ्याला दिले, तर दोन मोठ्या कंपन्यांचा ट्रॅफिक तुमच्या छोट्या लिंकवरून जायला बघेल आणि अख्खा तालुका बंद पडेल. नेटवर्क इंजिनिअरला एका दिवसाचे पैसे द्या, त्याच्याकडून लिहून घ्या आणि शेजारी बसून शिका.

पीकमध्ये, ८ ते ११, सेशन रीसेट करायचं नाही. पहाटे चारला करा, आणि त्याआधी कॉन्फिगरेशनची प्रत काढा.

तुटलेल्या किंवा उघड्या फायबरच्या टोकात डोळा घालून बघू नका. आतला प्रकाश दिसत नाही, पण डोळा जाऊ शकतो. पावसात विजेच्या खांबावर चढू नका आणि पोरांनाही चढवू नका. वादळात माड पडून तारा खाली आल्या असतील तर वीज कंपनीने लाइन बंद केल्याचं कळवल्याशिवाय फायबरच्या केबललाही हात नको, कारण तिच्यातली पोलादी तार वीज वाहते.

आठव्या पायरीतलं सगळं आणि एमपीएलएसच्या आतलं सगळं अपस्ट्रीमचंच काम आहे. तिथे आपण फक्त पुरावा देऊ शकतो.

तो पुरावा असा पाठवा: सोर्स आयपी, ठिकाणाचा आयपी, भारतीय वेळ, दोन्ही दिशांचे ट्रेस, बिघाडाच्या आधीचा नेहमीचा आकडा आणि आत्ताचा आकडा, आणि तुमच्या मते परतीचा रस्ता कुठून येतोय ते एका वाक्यात. आमच्या सिंगापूरच्या प्रकरणात 'नेट स्लो आहे' असं लिहिलेल्या तीन मेलांना उत्तर आलं नव्हतं. उलटा ट्रेस जोडलेल्या चौथ्या मेलला चाळीस मिनिटांत फोन आला. पलीकडच्या मुलाने कोल्हापूरची अनाउन्समेंट बघितली, मी इकडून /२४ मुंबईच्या अपस्ट्रीमला दिले, आणि दोघेही फोन न ठेवता पिंगची खिडकी बघत होतो. ७२, ७२, ७१, मग दोन ओळी उत्तर नाही, मग १२.